रेवा, मैत्रिणीला आपलं स्टेशन दाखव

नौपाडा, ठाणे

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

दिवाळीला मैत्रिणीला घेऊन येते आहेस, छान वाटलं. "आई, तलावपाळी सोडून ठाण्यात तिला दाखवू काय?" असं तू परवा विचारलंस, पण गॅसवर दूध होतं म्हणून फोनवर नीट सांगता आलं नाही. तिला आपलं स्टेशन दाखव. गाडी पकडायची नाही, नुसतं बघत फिरायचं.

रविवारी सकाळी सातलाच निघा. पश्चिमेकडून, सॅटिसच्या, म्हणजे बसगाड्यांच्या उंच पुलाखालून आत शिरा आणि प्लॅटफॉर्म तिकीट काढा. दहा रुपयांत दोन तास मिळतात, तेवढे पुरतात. जुनी दगडी इमारत शोधत बसू नका. १८५३ सालचं स्टेशन आज समोर नाही. १६ एप्रिलला दुपारी साडेतीननंतर बोरीबंदरहून चौदा डबे आणि चारशेच्या आसपास पाहुणे घेऊन देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली, ती ३४ किलोमीटर धावून इथे आली. ओढायला तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान. ज्या कंपनीची ती गाडी, तिच्या संचालकांत आपल्या मुरबाडचे नाना शंकरशेट होते, हे मैत्रिणीला आवर्जून सांग. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

मग पुलावर चढा आणि मधोमध थांबून खाली रूळ बघा. दोन रुळांमधलं अंतर साडेपाच फूट. तेव्हा ठरलं ते आजही तेच आहे. पुढे गाड्या विजेवर आल्या, डबे बदलले, प्लॅटफॉर्म वाढत वाढत दहा झाले, पण हे माप कुणी हलवलं नाही.

तिथून प्लॅटफॉर्मच्या कल्याणकडच्या टोकाला चालत जा. ही माझी सगळ्यात आवडती जागा. वर्षभर देशातली रेल्वे इथेच संपत होती, कारण पुढे खाडी आणि खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर. खाडीवर पूल झाला तेव्हा, १ मे १८५४ला, गाडी कल्याणला पोहोचली. डोंगर मात्र वळसा घालूनच ओलांडावा लागे. पारसिकच्या पोटातून आरपार बोगदा व्हायला १९१६ उजाडलं. घाईच्या वेळी त्या टोकाला उभं राहायला जागा नसते, म्हणून तर सकाळी सातला जा म्हणते.

शेवटी नऊ-दहा नंबरला या, वाशीच्या गाड्यांकडे. हे तुला मी कधी सांगितलेलं नाही. तू पोटात होतीस तेव्हा माझं ऑफिस वाशीला होतं आणि इथून सरळ गाडी नव्हती. रोज कुर्ल्याला उतरायचं, जिना चढायचा, हार्बरची गाडी धरायची. आठव्या महिन्यापर्यंत मी तो जिना चढले. एकदा अर्ध्यावर चक्कर आली. भाजीची टोपली घेतलेल्या एका बाईने मला पायरीवर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतःची गाडी सोडली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. ऑगस्टमध्ये तू झालीस. ९ नोव्हेंबर २००४ला ठाणे-वाशी सुरू झाली आणि बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर गेले ती इथूनच, थेट. संध्याकाळी त्याच प्लॅटफॉर्मवर उतरून धावत घरी यायचे, कारण तू आजीकडे भुकेने रडत असायचीस.

दहा नंबरच्या बाकावर दोघी जरा बसा. वाटलं तर वाशीचं रिटर्न तिकीट काढा. प्लॅटफॉर्म तिकिटावर गाडीत चढू नका. परत येताना जांभळी नाक्यावरून झेंडू आणि आंब्याचे डहाळे आणा, तोरण आपण तिघी मिळून करू.

तुझी,
आई