‘ऑल अमेरिकन’ किटची शेपूट उलट्या बाजूने फाडली आहे: तक्रार व मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: दुसऱ्या महायुद्धातल्या बी-17 एफ ‘ऑल अमेरिकन’ या अमेरिकन बॉम्बर विमानाच्या 1/72 स्केलच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) मॉडेल किटमधील चुकीचे रेझिनचे (साच्यात ओतलेल्या राळेचे) भाग, डिकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हे) व माहितीपत्रक, भाग बदलून किंवा पैसे परत मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचे वरील किट आम्ही तिघांनी मिळून 6,850 रुपयांना घेतले. बिलाची प्रत आणि सुट्या भागांचे अकरा फोटो सोबत जोडले आहेत. खोक्यावर ‘धडकेनंतरची अचूक अवस्था, फोटोसाठी तयार’ असे छापलेले आहे. त्या वाक्यावर विसंबूनच हे किट घेतले, म्हणून तक्रारही त्या वाक्याबद्दलच आहे.

1 फेब्रुवारी 1943 रोजी ट्युनिसवर बॉम्बफेक करून परतताना अमेरिकन हवाई दलाच्या 97व्या बॉम्ब ग्रुपच्या या विमानावर जर्मन लढाऊ विमान मेसरश्मिट 109 आदळले. बी-17ची डावी आडवी शेपटी मुळापासून गेली आणि धड वरून व डावीकडून फाटले. उजव्या बाजूला जेमतेम उरलेल्या पत्र्यावर आणि सांगाड्यावर शेपूट तगून राहिली. दुसऱ्या बी-17मधून घेतलेला त्याचा फोटो जगभर छापला गेला आहे. तो डाव्या बाजूने घेतलेला आहे, विमानाचे नाक फोटोत डावीकडे आहे. आपल्या माहितीपत्रकात तोच फोटो नाक उजवीकडे करून छापला आहे. फोटो उलटा लागला आणि त्यावरून साचा बनला, असे भाग पाहताच लक्षात येते: आर-3 आणि आर-4 या शेपटीच्या रेझिन भागांत उजवी आडवी शेपटी गायब आहे आणि डावी शाबूत!

ही किरकोळ बाब नाही. बी-17मध्ये मागच्या बाजूने चढायचे दार उजवीकडे असते. आपल्या भागातली फाट थेट त्या दाराच्या चौकटीत घुसते. दहा माणसे ज्या बाजूच्या आधाराने जिवंत उतरली, तीच बाजू या किटमध्ये कापून टाकलेली आहे. रंग चुकला तर पुन्हा मारता येतो, ही चूक मात्र पुट्टी भरून सुधारत नाही. दार, खिडकी, पॅनेलच्या रेषा सगळे पुन्हा कोरावे लागेल.

फाटीची कड तर हातात घेऊन पाहावी. व्हर्नियरने मोजली तर रेझिनची जाडी 2.2 मिमी भरते. 72ने गुणा: खऱ्या विमानावर ती जवळजवळ 16 सेंमी जाडीची भिंत होते. बॉम्बरचा पत्रा मिलिमीटरच्या आसपासचा असतो. फाटल्यावर तो कागदासारखा चुरगळतो, बाहेर वळतो, रिबिटांच्या ओळीवर तुटतो. आपल्या भागाची कड साबणाची वडी सुरीने कापावी तशी गुळगुळीत आहे. आत गोल फासळ्या नाहीत, लांबीच्या पट्ट्या नाहीत. कड आतून घासून 0.2 मिमीपर्यंत आणावी आणि शेवटचे 4-5 मिमी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलने करावेत, एवढी साधी सूचनाही पत्रकात नाही. फॉइल सुमारे 0.015 मिमीची असते, म्हणजे या स्केलला पत्र्याच्या अगदी जवळची.

जोडणीची सूचना तर सरळ चुकीची आहे. पायरी 14 मध्ये रेझिनची शेपूट प्लॅस्टिक सिमेंटने चिकटवायला सांगितली आहे. ते सिमेंट पॉलिस्टायरिन विरघळवून सांधा धरते, रेझिनवर त्याचा काही परिणाम होत नाही. शेपटीचे वजन 31 ग्रॅम आणि सांध्याला पट्टी 6 मिमीची. दोन दिवसांत सांधा उघडला आणि शेपूट खाली झुकली. तिथे 1 मिमीच्या दोन पितळी सळ्या धडात किमान 12 मिमी आत जातील अशा बसवून सुपरग्लू लागतो. शेपूट आतून पोकळ असायला हवी होती. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थरही तसाच आहे. भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवावेत असे कुठेही लिहिलेले नसल्याने प्रायमर (रंगाआधीचा थर) टेपबरोबर सालीसारखा निघून आला.

स्टँडचे भोक धडाच्या डाव्या बाजूला आहे, कारण साचा उलट्या फोटोवरून बनला. मूळ फोटोच्या कोनातून कॅमेरा लावला की ॲक्रिलिकची दांडी बरोबर मध्ये येते. भोक उजवीकडे, पंखाच्या आड हवे. फिरता प्रॉपेलर दाखवणाऱ्या पारदर्शक चकत्या 42 मिमीच्या आहेत. बी-17 एफचा प्रॉपेलर 3.53 मीटरचा, म्हणजे 49 मिमी हवा. शिवाय चकत्या 1 मिमी जाड आहेत आणि एकाच दिव्याच्या उजेडात, उन्हासारखा प्रकाश हवा तेव्हा, चारही चकत्या आरशासारख्या चमकतात. पार्श्वभूमीचा आकाशाचा कागद तकतकीत आहे. मॉडेलमागे मीटरभर अंतर ठेवले आणि कॅमेऱ्याचे छिद्र लहान करून (एफ/16) वेगवेगळ्या फोकसचे दहा-बारा फोटो जोडले तरी त्यावर दिव्याचा डाग येतोच. कागद मॅट हवा.

डिकलवर ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आहेत. त्या पट्ट्या जून 1943पासून आल्या, फेब्रुवारीत नव्हत्या. सोबतच्या मेसरश्मिटचे पंख चौकोनी टोकांचे, म्हणजे ई मॉडेल. ट्युनिशियात तेव्हा लढणाऱ्या तुकड्यांकडे गोल टोकांच्या पंखांची पुढची मॉडेल होती. आणि अख्खे मेसरश्मिट फाटलेल्या बी-17शेजारी एकाच स्टँडवर कसे? ते धडकेतच तुटले. एक तर धडकेआधीचा क्षण दाखवा, नाहीतर नंतरचा.

पत्रकात विमान इंग्लंडला परतले असेही लिहिले आहे. ते अल्जीरियातल्या बिस्क्राला उतरले आणि दहाही जण सुखरूप होते. वैमानिक केन्ड्रिक ब्रॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पराक्रम खराच एवढा मोठा आहे की त्यात भर घालायची गरज नाही.

फोनवर आपल्या प्रतिनिधींनी ‘हा कलात्मक आविष्कार आहे’ असे उत्तर दिले. खोक्यावर ‘अचूक’ छापून हे उत्तर देता येत नाही.

आमच्या मागण्या अशा: डाव्या बाजूची फाट असलेले, पोकळ शेपटीचे आर-3 व आर-4, 49 मिमीच्या पातळ चकत्या आणि दुरुस्त डिकल तीस दिवसांत पाठवावे. ते शक्य नसेल तर पूर्ण रक्कम व परत पाठवण्याचा खर्च द्यावा. शिल्लक खोक्यांवरचे ‘अचूक’ हे शब्द झाकावेत आणि ज्यांनी किट घेतले त्यांना पायरी 14 ची दुरुस्ती कळवावी, कारण त्यांचेही सांधे उघडणार आहेत. मुदतीत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार आमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

सदोष भाग मूळ पिशवीत जपून ठेवले आहेत. आपला माणूस पाठवल्यास दाखवू.

आपले,
तीन ग्राहक
(नावे व पत्ता बिलावर)