ब्लॉक फुटू न देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
शि. सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानले की तुम्ही "अरे, त्यात काय" म्हणून विषय बदलता. म्हणून ताईच्या आणि माझ्या वतीने हे जाहीर पत्र.

ऑक्टोबरात भावोजींच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि अमेरिकेत मिनेसोटातल्या त्यांच्या घरी मोटारबोट हिवाळ्यासाठी तयार करायची तशीच राहिली. तिथल्या वर्कशॉपने तारीख दिली ती नोव्हेंबरच्या मध्याची, आणि रात्रीचा पारा त्याआधीच शून्याखाली जाऊ लागला होता. ग्वाल्हेरच्या गारठ्यात आपण शेकोटीजवळून हलत नाही, पण म्हणून तिघरा धरणातल्या बोटींची इंजिनं कुणाला रिकामी करावी लागत नाहीत. तिकडे जानेवारीत उणे २० अंश सहज होतं. ताईच्या बोटीचं इंजिन तळ्याचंच पाणी ओढून थंड होतं. ते पाणी आत राहिलं तर गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा बिडाचा मुख्य सांगाडाही, त्यापुढे टिकत नाही. ब्लॉक फुटला की जवळजवळ नवीन इंजिनाचाच खर्च.

नौदलात इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेले तुम्ही, आमच्या दिवाणखान्यात मोबाईलसमोर बसलात. इकडे रात्रीचे साडेसात, तिकडे सकाळचे नऊ. ताईने पाना कधी हातात धरला नव्हता. तुम्ही तिला एकदाही घाई केली नाहीत.

आधी टाकी जवळजवळ भरून त्यात इंधन खराब होऊ न देणारं स्टॅबिलायझर घालायला लावलंत आणि नळीने पाणी देत इंजिन थोडा वेळ चालवलंत, म्हणजे ते औषध कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. इंजिन गरम असतानाच जुनं ऑइल काढलंत. मग ब्लॉकमधलं पाणी काढायची बुचं, म्हणजे ड्रेन प्लग. एका बाजूने धो धो पाणी आलं. दुसऱ्या बाजूचा प्लग निघाला आणि काहीच नाही. ताई म्हणाली, "ही बाजू रिकामीच आहे." तुम्ही म्हणालात, "बेटा, पाणी आलं नाही म्हणजे पाणी नाही असं नसतं. भोकात तार घाल." तिने तार घालून ढवळलं. आधी गंजाचा काळपट गोळा पडला, आणि त्यामागून गढूळ पाण्याची धार लागली, बराच वेळ थांबेना. तिथेच माझ्या अंगावर काटा आला. तो प्लग तसाच परत लावला असता तर इंजिन गेलंच होतं.

दुकानदाराने तर ताईला सांगितलं होतं, गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं द्रव, इंजिनाला ओढू द्या, मागून गुलाबी दिसलं की झालं. इंजिन थंड असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावरच उघडणारी झडप, बंद असतो, अँटिफ्रीझ ब्लॉकमध्ये न शिरता परस्पर बाहेर पडतं आणि माणूस निर्धास्त होतो, हे तुम्ही किती शांतपणे समजावलंत! म्हणून आधी पाणी काढायचं, आणि मगच थेट होजमधून अँटिफ्रीझ ओतायचं. तेही प्रॉपिलीन ग्लायकॉलचंच, कारण वसंतात ते तळ्यातच जाणार आणि एथिलीनवालं विषारी असतं. दुसऱ्याच्या देशातल्या तळ्याचीही तुम्हाला काळजी, काका.

खालच्या गिअरचं तेल दुधाळ नव्हतं, म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही, सील शाबूत. बॅटरी काढून, पूर्ण चार्ज करून घरात आणवलीत. उतरलेली बॅटरी गोठते, भरलेली सहसा गोठत नाही.

आता तिथलं तळं गोठलंय, भावोजी काठी घेऊन चालताहेत आणि बोटीची चिंता घरात कुणाला नाही. दुखण्याच्या दिवसांत ही केवढी मोठी गोष्ट होती, हे ताईच सांगू जाणे.

काकूंचेही आभार. त्या रात्री पानं वाढून त्या किती वेळ थांबल्या आणि एकदाही फोन केला नाही.

एप्रिलमध्ये बोट पुन्हा सुरू करताना ताई पुन्हा तुम्हालाच फोन लावणार आहे. तेव्हा पाण्याच्या पंपातला इम्पेलर बदलायचाय, हे तिने लिहून ठेवलंय.

आपला,
शेजारच्या वाड्यातला पुतण्या
लष्कर, ग्वाल्हेर