क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : त्याचं काम गेलं, चौकशी मात्र झालीच नाही

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

मी कोल्हापूरची. गेली सहा वर्षं इथल्या फुटबॉल, कबड्डी आणि कुस्तीच्या थेट प्रक्षेपणात स्कोअर लावायचं काम करते. पडद्याच्या कोपऱ्यात दोन तालमींची नावं, गोल आणि मिनिटं दिसतात, ते काम माझं. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांचं नाव देणार नाही आणि माझंही देत नाही. कुणाला उघडं पाडण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. आपल्या हातात असलेली एक गोष्ट मागायची आहे.

कोल्हापूरच्या फुटबॉलबद्दल आपल्याला नव्यानं सांगायला नको. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसते. जे येऊ शकत नाहीत ते मोबाईलवर बघतात. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली पेठेतली पोरंसुद्धा बघतात. त्यांच्यासाठी सामना म्हणजे समालोचकाचा आवाज. म्हणून आमच्याकडं समालोचकाला मान मोठा. रस्त्यात थांबवून लोक त्याच्यासोबत फोटो काढतात.

अशाच एका आवाजाशेजारी मी एक अख्खा सीझन बसले. मैदानाचं नाव राहू द्या. पत्र्याची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, मिक्सर, लॅपटॉप. हेडफोनची वायर आखूड, त्यामुळं खुर्चीला खुर्ची लावूनच बसावं लागायचं. सुरुवात बोलण्यानं झाली. माईक बंद असला की माझ्या कपड्यांवर, मैदानावर आलेल्या मुलींवर शेरे. मग रात्री अकरानंतर मेसेज. मग एका रविवारी, सामना चालू असताना, स्कोअर बघायच्या निमित्तानं तो वाकला आणि त्याचा हात माझ्या पाठीवर आला. तो तिथंच राहिला. दुसऱ्या हातात माईक होता आणि तोंडानं कॉर्नर किकचं वर्णन चालू होतं, आवाजात जराही फरक नाही. "हात काढा" एवढं म्हणायला मला तोंड उघडता आलं नाही, कारण बाहेर हजारो लोक ऐकत होते आणि माझा आवाज थेट माईकवर गेला असता. मी लॅपटॉपवरची मिनिटं बघत बसले. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट.

त्याच आठवड्यात प्रक्षेपणाच्या मालकाला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "हे बघ बाळ, सीझन संपू दे. मग बघू काय करायचं ते." आणि मला खोलीतून काढून मैदानावर केबल सांभाळायला पाठवलं. माझा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, कमी झाला. हा डिसेंबर होता.

एप्रिलमध्ये आणखी दोघींनी तोंड उघडलं. त्याच सुमारास त्या समालोचकाचं माईक बंद असतानाचं बोलणं टॉकबॅकवरून, म्हणजे टीमच्या आपसातल्या हेडफोन लाइनवरून, सगळ्या कॅमेरामननी ऐकलं. मालकानं त्याच संध्याकाळी फोन करून त्याला कामावरून कमी केलं. विषय तिथंच संपला. कुणी माझं म्हणणं लिहून घेतलं नाही. त्यालाही विचारलं नाही. एक कागद झाला नाही. मला वाटलं, सुटले.

पुढच्या दिवाळीनंतर सीझन सुरू झाला तेव्हा तोच आवाज दुसऱ्या एका प्रक्षेपणावर होता. मला मात्र दोन महिने एकही फोन आला नाही. पेठेत बोललं जात होतं की हिनं एका बिचाऱ्याच्या पोटावर पाय दिला. तो सगळ्यांना सांगत होता, "माझ्यावर काही सिद्ध झालेलं नाही." साहेब, हे खरं आहे. सिद्ध झालं नाही, कारण कुणी तपासलंच नाही. तो निर्दोष असता तर ते दाखवायची संधी त्यालाही मिळाली नाही. माझ्या शब्दाला कुठं जागा मिळाली नाही ती नाहीच. एका फोनवर काढलेला माणूस एका फोनवर परत येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

माझा भाऊ लहानपणी कॉम्प्युटरवर फिफा खेळायचा. त्यातल्या समालोचनात अँडी ग्रे यांचा आवाज होता, आमच्या घरात तो घरच्या माणसासारखा ओळखीचा. जानेवारी 2011 मध्ये इंग्लंडमधल्या वुल्व्ह्ज आणि लिव्हरपूल या संघांच्या सामन्याआधी ग्रे आणि त्यांचे सहकारी रिचर्ड कीज, माईक बंद आहे असं समजून, सहायक पंच सियान मॅसी यांच्याबद्दल बोलत होते की बाईला ऑफसाईड कळत नसणार. त्याच सामन्यात मॅसी यांनी एका गोलच्या वेळी दिलेला निर्णय अचूक ठरला. ते बोलणं बाहेर आलं. मग ग्रे एका सहकारी निवेदिकेला आक्षेपार्ह बोलतानाची चित्रफीतही बाहेर आली. स्काय स्पोर्ट्स या त्यांच्या वाहिनीनं तीन दिवसांत ग्रे यांना काढलं, कीज यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. पुढं दोघांनाही दुसरीकडं काम मिळालं. तिथं निदान रेकॉर्डिंग होतं, आणि का काढलं हे जगाला माहीत होतं. आमच्या पत्र्याच्या खोलीत त्यातलं काहीच नव्हतं.

कायदा नाही असं नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 चा आहे. त्यात कामाचं ठिकाण म्हणजे काय हे सांगताना क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेची जागा हे शब्द स्पष्ट लिहिलेत. सामन्याला नेणारी मालकाची गाडीसुद्धा त्यात येते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती, कमी असतील तिथल्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. समितीनं नव्वद दिवसांत चौकशी संपवायची, दोघांचं ऐकायचं, नावं गुप्त ठेवायची. चौकशी चालू असताना बाई मागेल तर समोरच्या माणसाची बदली सुचवायचा अधिकारही समितीला आहे. हे मी वाचलं तेव्हा केबल ओढत काढलेले चार महिने आठवले. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही, हेही कायद्यातच आहे. पेठेतल्या किती लोकांना हे माहीत असेल?

आमची टीम सात जणांची. म्हणजे माझं दार स्थानिक समितीचं होतं. ते मला जुलैत कळलं, एका वकील मैत्रिणीकडून. तक्रारीची मुदत शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने, आणि सबळ कारण असेल तर आणखी तीन. डिसेंबर ते जुलै मोजा. आमचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. "सीझन संपू दे" म्हणणाऱ्या मालकाला कल्पना नसेल, पण त्या तीन शब्दांत माझी मुदत संपून गेली. म्हणून आज लिहिते आहे. माझी मुदत आता परत येणार नाही, पण प्रत्येक सीझनला कुणाची तरी अशीच निघून जात असणार.

वरच्या पातळीवरही चित्र वेगळं नाही. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका वृत्तपत्राच्या पाहणीचा दाखला देत नोंदवलं की देशातल्या 30 राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी 16 जणांकडं अशी समितीच नव्हती. त्या वेळी दिल्लीत जंतरमंतरवर पैलवान मुली बसल्या होत्या. आमच्या लाल मातीच्या गावात, खासबाग कुस्ती मैदानाच्या कट्ट्यावरसुद्धा रोज तोच विषय होता. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत या आमच्या नेमबाजांच्या नावांवर आम्ही छाती फुगवतो. पण नेमबाजीच्या रेंजपासून समालोचनाच्या खोलीपर्यंत मैदानावर येणारी प्रत्येक बाई खेळाडू नसते. कुणी स्कोअरर, कुणी कॅमेरावाली, कुणी फिजिओ, कुणी पंच. रोजावर येणाऱ्या बाईला आपला मालक नक्की कोण, हेच सांगता येत नाही. संयोजक म्हणतो प्रक्षेपणवाल्याला विचार, प्रक्षेपणवाला म्हणतो मैदान संयोजकाचं.

म्हणून मागणी आपल्याकडं, कारण क्रीडा संकुलं आपल्या खात्याची आणि स्पर्धांचं अनुदानही आपल्याच खात्यातून जातं. मैदान देताना आणि अनुदानाचा हप्ता सोडताना एक अट घाला. प्रक्षेपणवाल्यासकट जो कुणी मैदानावर माणसं कामाला आणेल, त्यानं तक्रार कुठं करायची ते लेखी द्यावं. त्या समितीचा पत्ता आणि फोन नंबर समालोचनाच्या खोलीत, चेंजिंग रूममध्ये, प्रवेशद्वाराशी मोठ्या मराठी अक्षरांत लावावा. तक्रार आल्यावर कुणाला परस्पर काढून टाकलं किंवा राजीनामा घेऊन विषय मिटवला, तर त्या संयोजकाला पुढच्या वर्षी मैदान देऊ नये. चौकशी पुरी होऊ द्या, मग ती कुणाच्याही बाजूनं लागो. आणि जिल्हाधिकाऱ्यांशी बोलून स्थानिक समितीच्या एका सदस्य बाईंना सीझन सुरू व्हायच्या आधी मैदानावर तासभर येऊ द्या. आम्ही सगळे तिथं असतोच, सामन्याच्या आधी दोन तास वायरी जोडत.

गेल्या आठवड्यात मंगळवार पेठेतल्या एका मुलीचा फोन आला. एकोणीस वर्षांची आहे, कॉलेज करते, कॉम्प्युटर चांगला येतो. म्हणाली, "ताई, स्कोअरचं काम मिळतंय, रोज पण बरा हाय. जाऊ का नको?" समालोचनाला कोण आहे ते मी विचारलं. तिनं नाव सांगितलं. मी तिला म्हटलं, दोन दिवसांत सांगते. काम सोड असं मला तिला सांगायचं नाही, तिला खेळ आवडतो आणि घरात पैशांची गरज आहे. दिवाळी जवळ आली आहे. तिला द्यायला माझ्याकडं एक फोन नंबर हवा आहे, जो कुणीतरी उचलेल.

आपली,
एक स्कोअरर
कोल्हापूर