पाचनईच्या वाटेवरील अनाम सुहृदांचे आभार

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्यातल्या सकाळी, पाठीशी ऊन आणि दरीत धुके असताना, आपल्याच सावलीभोवती उमटणारे गोलाकार इंद्रवज्र टिपण्यासाठी मी अनेक वर्षे जातो; ते दर खेपेस दिसतेच असे नाही. यंदा भाद्रपदात गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावाच्या वाटेवरील ओढ्यात पाय घसरून मी कॅमेऱ्यासह पाण्यात पडलो, तेव्हा ज्या दोन गुराख्यांनी मला ओढून काठावर घेतले, त्यांची नावे विचारण्याचेही भान मला राहिले नाही.

त्यांनी मला ज्या घरी नेले, तेथील मावशींनी भिजलेली लेन्स लुगड्याच्या मऊ पदराने टिपली आणि ‘तांदूळ ओल ओढतो’ असे म्हणत डब्यातील तांदळात पुरून ठेवली. (दुरुस्ती करणाऱ्यांना हा उपाय मुळीच मान्य नाही, आणि खरे तर मलाही नव्हता.) कॅमेरा गेला तो गेलाच, लेन्स मात्र वाचली, आणि तिसऱ्या दिवशी माझ्याजवळच्या जुन्या कॅमेऱ्यावर ती चढवून मी इंद्रवज्र टिपले.

भाकरी-पिठल्याचे पैसे मावशींनी घेतले नाहीत. या सर्वांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे. दिवाळीनंतर त्या छायाचित्राची छापील प्रत घेऊन येईन. पांघरायला दिलेली घोंगडीही अद्याप माझ्याकडेच आहे.