आमदारांच्या वेतनाला तुटीचे बंधन हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात 45,891 कोटी रुपयांची महसुली तूट, म्हणजे दैनंदिन खर्चाच्या तुलनेत महसुलात पडणारी कमतरता, दाखविण्यात आली, राजकोषीय तुटीचा, म्हणजे कर्ज काढून भागवाव्या लागणाऱ्या एकूण तुटीचा, अंदाज 1 लाख 36 हजार कोटींच्या पुढे गेला आणि कर्जाचा बोजाही 9 लाख कोटींच्या पलीकडे पोहोचला. तिजोरीची ही अवस्था असताना काटकसरीची सुरुवात लोकप्रतिनिधींच्या वेतनापासून व्हावी, असे मला ठामपणे वाटते.

या कपातीने तूट भरून निघणार नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे. विधानसभेचे 288 आणि विधान परिषदेचे 78 असे एकूण 366 सदस्य आहेत. प्रत्येकाचे वेतन व भत्ते मिळून दरमहा अडीच लाख रुपये हिशेबासाठी धरले, तर वर्षाचा खर्च 110 कोटींच्या आसपास जातो आणि 30 टक्के कपातीतून जेमतेम 33 कोटी वाचतात. तरीही मी आग्रह धरतो, कारण जे सभागृह तुटीचा अर्थसंकल्प मंजूर करते, त्याच्या सदस्यांना त्या तुटीची झळ कधीच लागत नाही. राज्यघटनेच्या कलम 195 नुसार आमदारांचे वेतन विधिमंडळच कायद्याने ठरविते. ऑगस्ट 2016 मध्ये तर भरघोस वेतनवाढीचे विधेयक चर्चेविना संमत झाले.

याउलट, पेन्शनचा भार पेलवत नाही या कारणाने 1 नोव्हेंबर 2005 पासून सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांची जुनी निवृत्तिवेतन योजना शासनाने बंद केली. तीच परत मिळावी म्हणून शिक्षक, परिचारिका आणि कारकून मार्च 2023 मध्ये संपावर गेले. माजी आमदारांचे निवृत्तिवेतन मात्र या सर्व काळात अबाधित राहिले. ही विषमता मला सर्वांत अधिक खटकते. गुजरातमध्ये माजी आमदारांना निवृत्तिवेतन नाही आणि पंजाबने 2022 मध्ये कितीही वेळा निवडून आले तरी एकच निवृत्तिवेतन, असा कायदा केला, मग महाराष्ट्राला यात कोणती अडचण आहे?

वेतन फार घटविले तर केवळ धनवानच निवडणूक लढवतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सरसकट आणि कायमची कपात मी सुचवीत नाही. करोनाकाळात, एप्रिल 2020 मध्ये, खासदारांच्या आणि आपल्या आमदारांच्या वेतनात 30 टक्के कपात झाली होती. पण ती एका वर्षापुरती होती आणि सत्ताधाऱ्यांच्या इच्छेवर अवलंबून होती. ज्या वर्षी अर्थसंकल्पात महसुली तूट असेल, त्या वर्षी मंत्री व आमदारांच्या वेतनात तशीच 30 टक्के कपात आपोआप लागू व्हावी आणि तूट संपताच वेतन पूर्ववत व्हावे, अशी तरतूद कायद्यातच असावी. वेतनवाढीचा निर्णयही सदस्यांच्या हाती न ठेवता स्वतंत्र आयोगाकडे सोपवावा. खासदारांच्या खर्चाचा घोटाळा 2009 मध्ये उघड झाल्यानंतर ब्रिटनने अशी स्वतंत्र संस्था स्थापन केली आणि पुढे वेतननिश्चितीही तिच्याकडेच दिली.

त्यासाठी शासनाच्या पुढाकाराची वाट पाहण्याचे कारण नाही. पुणे शहरातून विधानसभेवर 8 आमदार निवडून जातात. त्यांच्यापैकी मंत्री नसलेला कोणीही येत्या अधिवेशनात या आशयाचे अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारऐवजी सदस्याने स्वतः आणलेले विधेयक, मांडू शकतो, आणि उरलेल्या सात जणांनी पक्षभेद बाजूला ठेवून त्याला जाहीर पाठिंबा द्यावा, अशी मतदार म्हणून माझी मागणी आहे.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे