स्विमिंग पूलला कुंपण नाही, हे तुम्ही आम्हाला सांगायला हवे होते

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: लहान मुलांच्या कुटुंबांसाठी म्हणून विकलेल्या परदेशातील सहलीत आमच्या मुलीच्या जिवाला निर्माण झालेला धोका

महोदय / महोदया,

मी, माझे पती, सासूबाई आणि आमची २२ महिन्यांची मुलगी असे चौघे तुमच्यामार्फत सहा रात्रींच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलीला गेलो होतो. गेल्या आठवड्यात परत आलो. रागाच्या भरात काही जास्तीचे लिहिले जाऊ नये म्हणून चार दिवस थांबले.

बुकिंगच्या वेळी मी तुमच्या प्रतिनिधींना तीन गोष्टी विचारल्या होत्या: मोठ्या स्विमिंग पूलला कुंपण आहे का, विमानतळावरून नेणाऱ्या गाडीत लहान मुलाची कार सीट मिळेल का, आणि खोलीत बाळाचा कॉट असेल का. तिन्हींचे उत्तर ईमेलवर "होय" असे आले. तो ईमेल सोबत जोडला आहे. त्या "होय"वर विसंबूनच आम्ही पैसे भरले.

रात्री उशिरा उतरलो तेव्हा गाडीत कार सीट नव्हती. चालकाला तसे कोणी कळवलेच नव्हते, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. पाऊण तास मुलगी माझ्या मांडीवर होती. जोराचा ब्रेक लागला तर कितीही घट्ट धरले तरी मूल हातात राहत नाही, हे मला माहीत आहे. दुसरी गाडी मिळण्यासारखी वेळ नव्हती, म्हणून निघालो.

आम्ही खोली तळमजल्यावरची मागितली होती, कारण या वयाची मुले बाल्कनीच्या आडव्या गजांवर पाय देऊन चढतात. तळमजला मिळाला. पण खोलीचे सरकते काचेचे दार थेट पूलकडे उघडत होते. दाराची कडी माझ्या मुलीच्या खांद्याच्या उंचीवर होती आणि दारापासून पाण्यापर्यंतचे अंतर माझ्या पावलांनी नऊ भरले. मध्ये कुंपण नाही, जाळी नाही, साधी दोरीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेले होते. माझे पती बॅगेतून तिचे कपडे काढत होते, सासूबाई तिच्याजवळच बसल्या होत्या. त्या चष्मा घ्यायला उठल्या, तेवढ्यात तिने दार सरकवले. ती बाहेर गेल्याचे खोलीतल्या कोणालाही कळले नाही. ती पूलच्या पहिल्या पायरीवर घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती आणि खालच्या पायरीवर पाऊल टाकत होती. तिथे फरशी पुसणाऱ्या एका बाईंनी हातातले टाकून धाव घेतली आणि तिला उचलले. मुलीला काहीही इजा झाली नाही. त्या बाई मात्र तिला माझ्या हातात देताना रडत होत्या.

बुडणारे लहान मूल ओरडत नाही, हातपायही फारसे आपटत नाही. आवाज न होता काही क्षणांत सगळे संपते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरात बुडून मृत्यू होण्याचे प्रमाण १ ते ४ वर्षे वयाच्या मुलांमध्ये सर्वांत जास्त आहे. म्हणूनच ऑस्ट्रेलियात घराच्या अंगणातल्या पूललाही किमान १.२ मीटर उंचीचा अडथळा आणि आपोआप बंद होऊन कडी लागणारे फाटक कायद्याने लागते. मुलावर लक्ष ठेवणे आमचे काम आहे आणि आम्ही ते करतच होतो. मोठ्यांची नजर क्षणभर हलतेच, आणि कुंपण असते ते त्या क्षणासाठी.

आम्ही लगेच हॉटेलच्या व्यवस्थापकांना भेटलो. त्यांनी तुमच्याकडून आलेले व्हाउचर दाखवले. त्यावर "३ प्रौढ, १ मूल" एवढेच होते. वय नाही, कॉटची मागणी नाही, काहीच नाही. मूल दोन वर्षांच्या आतले आहे असे कळले असते तर बागेच्या बाजूची खोली राखून ठेवली असती, असे ते म्हणाले. मला सगळ्यात जास्त लागले ते हेच. तुमच्या फॉर्ममध्ये जन्मतारखेचा रकाना सक्तीचा आहे. विमानाचे तिकीट काढताना तुमच्या लोकांनी मुलगी परतीच्या दिवशीही दोन वर्षांच्या आत असेल ना, हे दोनदा तपासले, कारण त्यावर ती मांडीवर बसणार की तिला स्वतंत्र सीट लागणार हे ठरत होते. म्हणजे तिचे वय तुमच्याकडे दिवसासकट होते. हॉटेलकडे मात्र ते गेलेच नाही.

बागेकडची खोली चौथ्या रात्री रिकामी झाली. तोवर आम्ही दाराला सोफा लावून झोपलो आणि तिघांपैकी एक जण आळीपाळीने जागा राहिला. तुमच्या चोवीस तासांच्या मदत क्रमांकावर चौथ्या वेळी फोन उचलला गेला आणि "ईमेल करा" असे सांगण्यात आले. त्या ईमेलला उत्तर आले ते आम्ही परत निघालो त्या दिवशी, तेही "हा हॉटेलच्या अखत्यारीतला विषय आहे" असे.

कॉट मागितल्यावर मिळाला, पण गादी लहान होती. गादी आणि कडेच्या जाळीमध्ये माझा अख्खा हात जात होता. अशा फटीत मुलाचे तोंड अडकू शकते, म्हणून तो वापरला नाही.

समुद्राबद्दल माझी तक्रार लाटांशी नाही. सहापैकी चार दिवस किनाऱ्यावर लाल झेंडा होता, म्हणजे पाण्यात उतरायचेच नाही. त्या महिन्यांत त्या बाजूला समुद्र खवळलेलाच असतो, असे तिथल्या जीवरक्षकांनी सांगितले. मग त्याच महिन्यांच्या सहलीच्या जाहिरातीत "शांत, उथळ पाणी, चिमुकल्यांसाठी सुरक्षित" असे का छापता? तरी ऊन चढण्याआधी आम्ही तिला रोज ओल्या वाळूवर नेत होतो. लाट मागे जाताना पायाखालची वाळू सरकली की ती खाली बसायची आणि "पाणी गेलं" म्हणून हाका मारायची. ते तास चांगले गेले, हेही नोंदवते.

पैशांच्या आधी मला एक गोष्ट हवी आहे. त्या रिसॉर्टमध्ये ज्या कुटुंबांची लहान मुलांसह बुकिंग झाली आहेत, त्यांना आजच फोन करून पूलला कुंपण नाही हे सांगा आणि बागेकडची खोली किंवा दुसरे हॉटेल द्या. कुंपण होईपर्यंत "चिमुकल्यांसाठी सुरक्षित" हे शब्द काढून टाका. हॉटेलला जाणाऱ्या प्रत्येक व्हाउचरवर मुलाचे वय महिन्यांत लिहिले जाईल, अशी व्यवस्था करा. त्यानंतर आमच्या मुलीचे वय कुठे आणि कोणाकडून गळले याचे लेखी स्पष्टीकरण, कार सीटसाठी घेतलेली रक्कम आणि पहिल्या तीन रात्रींचे भाडे परत हवे आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी ग्राहक न्यायालयात दाद मागेन.

ईमेल, व्हाउचरची प्रत, दाराचे आणि पूलचे फोटो सोबत आहेत. फरशी पुसणाऱ्या त्या बाईंची चांगली नोंद व्हावी, असे आम्ही हॉटेलला लिहून दिले आहे. तुम्हीही तुमच्या बाजूने तसे पत्र हॉटेलला पाठवावे, ही विनंती.

कळावे,
आपली ग्राहक
(बुकिंगचा तपशील सोबतच्या प्रतीवर आहे)