यंदाचा गणपती

तीर्थरूप आई-बाबा, साष्टांग नमस्कार.

फोनवर माझ्या घटस्फोटाचा विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा टीव्ही मोठा करतात, म्हणून लिहिते आहे. ओजू यंदा दीड दिवस त्याच्या बाबांच्या घरी, अलिबागच्या गणपतीला जाणार. त्याच्या बाबांना मी तसं कळवलंय. रो-रो बोट बंद असली तर ते गाडीने वडखळवरून नेतील. विसर्जन झालं की रात्री गिरगावात आणून सोडतील. गौरी येतील तेव्हा तो आपल्याकडेच असेल, काळजी नको.

ताबा माझ्याकडे असताना सण कशाला वाटून द्यायचा, असं बाबांना वाटतं. पण कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे घटस्फोटाच्या वेळी संमतीने ठरलेल्या लेखी अटींमध्ये, सणांचं मीच लिहून घेतलं होतं. तिथली आरती त्याला पाठ आहे, चुलतभाऊ वाट बघतात. ते सगळं मी का तोडू? आणि बाबा, घटस्फोटाआधी सहा महिने थांबायची मुदत कोर्टाकडून माफ करून घेतली ती घाईघाईने नाही हो. २०१७ साली सुप्रीम कोर्टानेच तशी वाट करून दिली. आम्ही अर्ज करण्याआधी दोन वर्षं वेगळे राहत होतो. मन फिरायचं असतं तर तेव्हाच फिरलं असतं.

इकडे आमचं छान चाललंय. ऑफिस ठाण्याला, म्हणजे मुलुंडहून एकच स्टेशन, तेही गर्दीच्या उलट दिशेला. बसायला मिळतं! पाळणाघरातल्या काकू ओजूला गरम वरणभात देतात. तूप मी घरून पाठवते, तूच कढवलेलं.

आई, गौर आत आणताना तुझा पदर धरून ‘सोन्याच्या पावलांनी’ असं ओरडत मी घरभर फिरायचे. यंदा पावलं ओजूला काढू दे, वाकडी आली तरी पुसू नकोस. हळदीकुंकवाला कुणी जावयांचं विचारलं तर सरळ सांग. मी स्वयंपाकघरात लपून बसणार नाही. तुला अवघड वाटलं तर मी सांगेन, तू फक्त ओट्या भर.

आता ऐका. बाबा, मूर्ती घेऊन जिने चढायचे नाहीत, चाळीतल्या मुलांना सांगा. बीपीची गोळी आरतीच्या आधी. ओजूसमोर त्याच्या बाबांबद्दल काही बोलायचं नाही. तुमचा जीव तुटतो म्हणून बोलता, कळतं मला, पण तो रात्री मला प्रश्न विचारत बसतो. आई, मोदक एकवीसच, पुरणपोळ्या विकत आणू. नारळ मी खवेन. माझी खवणी घेऊनच येते, तुझीला धार राहिलेली नाही.

तुमची,
मनू